दिवसाला किती शीट?

“दिवसाला किती शीट लागतात तुम्हाला?”

प्लायवूडच्या कडेला पट्टी चिकटवणाऱ्या, बसगाडीएवढ्या लांब यंत्रापुढे मी उभा होतो आणि स्टॉलवरचा तरुण अगदी मनापासून विचारत होता. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि खरं तेच सांगितलं, “वर्षाला चार. फार तर पाच.” तो हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण हातातला बॅज स्कॅन करायचा स्कॅनर त्याने हळूच खिशात ठेवला. आमचं बोलणं तिथेच संपलं.

सुतारकामाच्या यंत्रांच्या प्रदर्शनाला हौशी माणसाने जावं का, हा प्रश्न त्या खिशात गेलेल्या स्कॅनरपासून माझ्या मागे लागला आहे. आजवर अशी पाच प्रदर्शनं पाहिली. दोन पूर्ण वाया गेली, एक निम्मं, दोन कामी आली. वाया गेलेली आधी सांगतो, कारण कामी आलेली त्यांच्यातूनच उगवली.

पहिल्या वेळी मी हपापल्यासारखा गेलो होतो. तेव्हा माझ्याकडे दोन पटाश्या, एक रंधा, एक गोल करवत आणि नवा राउटर, म्हणजे फिरत्या बिटने लाकडाला खाचा पाडणारं आणि कडा घडवणारं हातयंत्र, एवढाच संसार होता. सकाळी दार उघडायच्या आधी रांगेत, संध्याकाळी दिवे मालवेपर्यंत आत. दोन पिशव्या भरून माहितीपत्रकं आणली. त्यातलं एकही घरी आल्यावर उघडलं नाही. खरेदी एकच केली: लाकडी पेटीतला पस्तीस बिट्सचा राउटरचा संच. पेटीचं झाकण उघडल्यावर लाल मखमलीत चकाकणारी ती रांग पाहून भान सुटलं, दुसरं काय. आज इतक्या वर्षांनी त्यातले चारच वापरात आहेत: सरळ, कड गोलवणारा, पंचेचाळीस अंशांचा आणि एक कड दुसरीच्या लगत सपाट करणारा बेअरिंगवाला फ्लश ट्रिम. बाकीचे एकतीस अजून मखमलीतच आहेत. चार चांगले बिट सुटे घेतले असते तर धारही जास्त टिकली असती.

दुसऱ्या वेळी शहाणा होऊन गेलो, म्हणजे काहीच घ्यायचं नाही असं ठरवून. मग करायचं काय, ते मात्र ठरवलं नव्हतं. हॉलमागून हॉल तुडवले. फळी आपोआप उचलून, फिरवून, भोकं पाडून रचून ठेवणारे यंत्रमानव पाहिले. पहिला अर्धा तास तोंडाचा आ वासलेला होता, पुढचा तास जांभई देण्यात गेला. ती यंत्रं तीन फेजवर चालतात, त्यांना दाबाची हवा लागते, आणि माझ्या अख्ख्या कामाच्या खोलीपेक्षा त्यांची जागा मोठी. ‘दिवसाला किती शीट’ हा प्रश्न त्याच दिवशीचा.

आता यात त्या तरुणाची चूक काही नव्हती. ही प्रदर्शनं मुळात आपल्यासाठी नाहीतच. जर्मनीत हॅनोव्हरला 1975 पासून दर दोन वर्षांनी लिग्ना भरतं. या धंद्यातलं ते सगळ्यात मोठं नाव. तिथे करवत गिरण्यांपासून फर्निचरच्या कारखान्यांपर्यंत सगळ्यांची यंत्रं येतात, आणि येणाऱ्यांत कारखानदार, त्यांचे अभियंते, खरेदी खात्याची माणसं यांचा भरणा असतो. इतर ठिकाणची लहान-मोठी प्रदर्शनंही बहुतेक याच साच्यातली. स्टॉल मांडणाऱ्याने जागेचं भाडं, वाहतूक, माणसांचा मुक्काम हे सगळं मोजलेलं असतं आणि ते वसूल व्हायचं असतं वर्षाला चार शीट फाडणाऱ्याकडून नव्हे. बऱ्याच ठिकाणी तर नोंदणीच्या अर्जात ‘संस्थेचं नाव’ ही जागा रिकामी सोडताच येत नाही. मी तिथे काय लिहिलं ते सांगत नाही, पण नंतर सहा महिने मला प्लायवूडच्या ठोक दराचे फोन येत होते.

अगदी उलट्या टोकाचेही मेळावे आहेत. अमेरिकेत आयोवामधल्या अमाना या गावी 2013 पासून अधूनमधून हँडवर्क्स नावाचा मेळावा भरला, फक्त हातहत्यारांचा आणि तोही जुन्या कोठारांमध्ये. तिथे रंधा विकणारा आणि तो रंधा घडवणारा बहुधा एकच माणूस असायचा. असं काही जवळपास भरत असेल तर ‘जाऊ की नको’ हा प्रश्नच उरत नाही, सुट्टी टाकायची. पण असं सगळीकडे कुठलं भरायला? बहुतेकांच्या वाट्याला येतात ते यंत्रमानवांचे हॉल, आणि माझा प्रश्न त्यांच्याबद्दल आहे.

‘आपलं इथे काय काम’ हे मनातून थोडं निघालं ते एका करवतीमुळे. तिसऱ्या वेळी मित्राच्या आग्रहाने गेलो तेव्हा सॉस्टॉप या करवतीचं प्रात्यक्षिक पाहायला मिळालं. व्हिडिओ आधी वीस वेळा पाहिला होता: फिरत्या पात्याला सॉसेज लावतात, आणि पातं जागच्या जागी थांबून टेबलाखाली गडप होतं. पात्यात सतत एक बारीक विजेचा संकेत खेळवलेला असतो. अंग टेकलं की तो बदलतो, स्प्रिंग सुटते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा थेट दात्यांत घुसतो. हे सगळं पाच मिलिसेकंदांच्या आत. मिनिटाला 4000 फेऱ्यांनी फिरणारं पातं तेवढ्या वेळात फेऱ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा फिरतं. व्हिडिओत न कळलेली गोष्ट म्हणजे तो आवाज. बंदुकीचा बार उडावा तसा. गर्दीतली सगळी माणसं एक पाऊल मागे सरली आणि प्रत्येकाचा हात नकळत मुठीत मिटला. माझाही.

नंतर तिथल्या तंत्रज्ञाने तो ठोकळा हातात दिला. पातं त्यात इतकं रुतलं होतं की दोन्ही एकत्रच टाकून द्यायचे. मी विचारलं, ओल्या लाकडाने फसतं का? म्हणाला, फसू शकतं, फार ओलं असेल तर सुरक्षा तेवढ्यापुरती बंद करायची सोय आहे. पुढे स्वतःहूनच सांगितलं, “बोट वाचेल, पण फळी उलटी उसळून छातीवर आली तर हे काहीच करणार नाही. त्यासाठी पात्यामागची पट्टी, रायव्हिंग नाइफ, काढून ठेवू नका.” जाहिरातीत या उसळण्याबद्दल, किकबॅकबद्दल, कोण बोलतं? समोर उभं राहून विचारलं म्हणून तो बोलला.

या करवतीची जन्मकथा मला त्याहून आवडते. ती काढणारा स्टीव्ह गॅस हा भौतिकशास्त्रातला डॉक्टरेट, पेशाने पेटंटचा वकील आणि सुतारकामात निव्वळ हौशी. 1999 मध्ये त्याच्या डोक्यात ही कल्पना आली, 2000 साली अटलांटाच्या यंत्र प्रदर्शनात त्याने नमुना मांडला. मोठ्या कंपन्यांनी परवाना घेतला नाही, तेव्हा स्वतःच कारखाना काढला आणि 2004 मध्ये करवती बाजारात आणल्या. म्हणजे अशा प्रदर्शनात हौशी माणूस टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही उभा राहिलेला आहे. आपण निदान अलीकडच्या बाजूला उभं राहायला कशाला लाजायचं?

तरीही हे तिसरं प्रदर्शन मी ‘निम्मं’ या खात्यात टाकतो. बार पाहिला, गोष्ट मिळाली, पण माझं स्वतःचं काम एक तसूभरही पुढे सरकलं नाही.

चौथ्या वेळी मात्र खांद्यावरच्या पिशवीत एक फळी होती.

झालं होतं असं की माझा थिकनेसर, म्हणजे फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारं यंत्र, मला वर्षभर छळत होता. फळी बाहेर आली की तिच्या एका टोकाला खड्डा. याला स्नाइप म्हणतात आणि तो थोडाफार सगळ्याच लहान यंत्रांत येतो, हे ठाऊक होतं. पण माझा खड्डा बोट फिरवलं की अडखळावं एवढा. प्रत्येक फळी जास्तीची लांब घ्यायची आणि ते टोक कापून टाकायचं. चांगल्या लाकडाचं टोक कापताना जीव किती हळहळतो ते ज्याने लाकूड निवडून आणलंय त्यालाच कळेल. मी पाती दोनदा बदलली. रोलर साफ केले. स्नाइपवरचं सापडेल ते सगळं वाचलं आणि पाहिलं. प्रत्येकजण वेगळं कारण सांगत होता आणि प्रत्येकाचं ऐकताना पटतही होतं.

निघायच्या आदल्या रात्री, का कुणास ठाऊक, खड्डा पडलेल्या एका फळीचा हातभर तुकडा पिशवीत टाकला.

थिकनेसरच्या स्टॉलवर पुढे उभ्या असलेल्या विक्रेत्याला तो दाखवला. त्याने तुकड्याकडे नजर टाकली आणि नवं मॉडेल दाखवायला सुरुवात केली: त्यात सर्पिल ड्रम आहे, छोटी चौकोनी कार्बाइड पाती आहेत, आवाज कमी आहे. शेवटचं खरं होतं. शेजारीच सरळ पात्यांचं यंत्र चालू होतं आणि दोन्हींतला फरक कानाला सहज कळत होता. पण माझ्या प्रश्नाचं काय? तेवढ्यात स्टॉलच्या मागच्या बाजूला पडद्याआड स्टुलावर बसून पाना पुसत असलेल्या एका वयस्क माणसाने हात पुढे केला. “बघू इकडे.”

तो दुरुस्तीचा माणूस होता. प्रदर्शनात यंत्र बंद पडलं तर असावा म्हणून आणलेला. त्याने चष्मा वर सरकवला, खड्ड्यावरून अंगठा फिरवला, मग चार बोटं आडवी ठेवून त्याची लांबी मोजली.

“एकाच टोकाला येतो?”

“हो.”

“हे टोक आधी आत गेलं होतं की नंतर?”

मी गप्प. वर्षभर त्या खड्ड्याशी झटत होतो आणि हे एकदाही बघितलं नव्हतं. खूण न करता फळ्या ढकलत राहिलो होतो.

“बरं, फळी लांब असेल तर जास्त येतो का?”

याचं उत्तर मला येत होतं. लांब फळीला हमखास, आखूड तुकड्यांना जवळजवळ नाहीच.

“मग नंतरचंच टोक आहे हे,” तो म्हणाला आणि स्टॉलवरच्या यंत्राचं झाकण उघडून त्याने बोट ठेवून दाखवलं. फळीला दोन रोलर धरतात, एक पात्यांच्या ड्रमच्या अलीकडे, एक पलीकडे. फळीचं शेपूट अलीकडच्या रोलरमधून सुटलं की तिला फक्त पलीकडचा रोलर धरून असतो. त्या क्षणी फळीचा बाहेर आलेला लांब भाग स्वतःच्या वजनाने खाली झुकतो, आतलं शेपूट वर उचललं जातं आणि पाती ते जास्त खातात. किती लांबीपर्यंत? अलीकडचा रोलर आणि ड्रम यांच्यात जेवढं अंतर, तेवढ्या. त्याने माझी फळी तिथे धरली. चार बोटांचा खड्डा त्या अंतरात अगदी मापाने बसला.

“पात्यांचा काही दोष नाही. बाहेरचं टेबल कलंडलंय तुमचं. सरळपट्टी ठेवून बघा. बाहेरची कड आतल्यापेक्षा जराशी वरच हवी, खेळायच्या एक-दोन पत्त्यांइतकी.”

घरी येऊन सरळपट्टी ठेवली. बाहेरची कड वर असायच्या ऐवजी मिलिमीटरभर खाली बसली होती. खालचे दोन बोल्ट फिरवायला दहा मिनिटं लागली. पुढच्या फळीच्या टोकावर बोट फिरवलं तेव्हा खड्डा शोधावा लागला.

यातली मेख अशी की हे उत्तर मी आधी वाचलेलं होतं. ‘बाहेरच्या टेबलाची कड किंचित उचला’, शब्दन्‌शब्द. पण ते सात-आठ उत्तरांमधलं एक होतं आणि त्यातलं माझं कुठलं, हे सांगायला समोर कुणी नव्हतं. माहितीसाठी प्रदर्शनाला जायचे दिवस गेले. नवीन काय आलं तेही स्टॉल उभा राहण्याआधी पडद्यावर दिसतं. तिथे अजून मिळतो तो तुमच्या फळीवर अंगठा फिरवून उलटा प्रश्न विचारणारा माणूस. आणि तो पुढच्या टेबलाशी क्वचितच असतो.

हे एकदा कळल्यावर त्याच दिवशी उरलेल्या हॉलमध्ये मी वेगळ्याच नजरेने फिरलो. हातरंध्याच्या स्टॉलवर प्रात्यक्षिक चालू होतं. आरपार दिसेल असा तलम छिलका निघत होता आणि लोक तो बोटावर गुंडाळून घेत होते. प्रात्यक्षिकाचं लाकूड मात्र नेहमीच सरळ रेषेचं, मऊ, बिनगाठीचं निवडलेलं असतं. तसल्या लाकडावर बरी धार असलेला कुठलाही रंधा गातो. मी माझी फळी पुढे केली. तिच्यात एक गाठ होती आणि गाठीभोवती रेषा उलटसुलट वळल्या होत्या. “यावर चालवाल?”

तो माणूस कच्चा असता तर विषय बदलला असता. त्याने तसं केलं नाही. एकदा रंधा मारला, गाठीपाशी लाकूड उचकटलं. तो स्वतःशीच ‘हं’ म्हणाला, पातं बाहेर काढलं आणि पात्यावर बसणारी दुसरी लोखंडी पट्टी, चिपब्रेकर, धारेच्या इतकी जवळ सरकवली की मधली फट मला दिसेना. पुन्हा रंधा मारला. छिलका आता गुंडाळत नव्हता, सरळ उभा बाहेर येत होता आणि गाठीजवळचा भाग काचेसारखा निघाला. पट्टी एवढी जवळ असली की छिलका उचकटून लाकूड फाटायच्या आतच मोडला जातो, म्हणून हे साधतं. मी तो रंधा घेतला नाही. माझ्या जुन्या रंध्याचा चिपब्रेकर घरी येऊन पुढे सरकवला. त्याची बसायची कड आधी दगडावर घासून सपाट करावी लागली, कारण फटीत छिलके अडकत होते. त्या विक्रेत्याचं नुकसान झालं हे खरं. पुढच्या वर्षी त्याच्याकडून धार लावायचा दगड घेऊन थोडी भरपाई केली.

पाचव्या वेळी फळी नव्हती, मोबाइलमध्ये फोटो होते. लाकडाची धूळ हा माझा जुना दुखरा विषय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय. तरी आपण हौशी लोक जमिनीवरचा भुसा झाडतो आणि खोली स्वच्छ झाली म्हणतो. घात करते ती हवेत तासन्‌तास तरंगणारी, डोळ्याला न दिसणारी बारीक धूळ. मी धूळ ओढायचं यंत्र घेतलं होतं, तरी संध्याकाळी नाकातून भुसाच निघायचा. अजून मोठं यंत्र घ्यावं अशा बेताने गेलो होतो.

या वेळी थेट मागेच गेलो आणि जोडणी करणारा कोण आहे ते विचारलं. त्याने फोटो मोठा करून पाहिला. “एवढा सापासारखा पाइप कशाला?” माझा सहा मीटरचा वळ्यांचा लवचिक पाइप खोलीला वळसा घालून जात होता, आणि करवतीच्या तोंडाशी मी 100 मिलिमीटरवरून 50 वर आणला होता. व्यास निम्मा झाला की वाट चौथाई उरते, हे शाळेतलं गणित. ते मला तिथे ऐकावं लागलं. त्यात वळ्यांमध्ये हवा अडखळते ते वेगळंच. यंत्र बदलू नका, ते करवतीजवळ हलवा, शक्य तिथे गुळगुळीत पाइप टाका, आणि कापडी पिशवीऐवजी बारीक गाळणारा फिल्टर लावा, कारण साधी पिशवी ढलप्या अडवते आणि नेमकी बारीक धूळ खोलीत परत उडवते. मोठं यंत्र विकायची संधी त्याने हातची घालवली. पुढचा विक्रेता आमच्याकडे पाहत होता, फार खुश दिसत नव्हता.

सवलतींचंही सांगायला हवं, कारण पुष्कळजण त्यासाठीच जातात. शेवटच्या दिवशी दुपारनंतर मांडलेली यंत्रं परत न्यायचा कंटाळा असतो, तेव्हा ती स्वस्तात सुटतात, हे खरं आहे. माझ्या ओळखीच्या एकाने असा बँडसॉ, म्हणजे पट्ट्यासारख्या पात्याची करवत, उचलला. घरी उघडल्यावर फेन्सचे, म्हणजे लाकूड टेकवायच्या पट्टीचे, दोन स्क्रू नव्हते, हमीचं कार्ड नव्हतं, आणि फोन केला तर ‘प्रदर्शनातल्या मालाचं आम्ही बघत नाही’ असं उत्तर. स्क्रू त्याने शेवटी स्वतः घडवून घेतले. शिवाय शेवटच्या दिवशी दुरुस्तीचा माणूस सामान बांधण्यात गुंतलेला असतो. पहिल्या दिवशी सकाळी तो स्टुलावर रिकामा बसलेला सापडतो.

अगदी नवख्याला मात्र मी सध्या जाऊ नको असंच सांगतो. ज्याला अजून काही अडलेलंच नाही त्याला तिथे फक्त मखमलीतले बिट दिसतात. आधी दोन-चार स्टुलं बनव, त्यातलं एखादं डुगडुगू दे.

माझा बँडसॉ गेले दोन महिने एका बाजूला ओढतोय. पातं बदललं, ताण वाढवला, फरक नाही. वाकडे कापले गेलेले दोन तुकडे तारीख घालून पिशवीत टाकून ठेवले आहेत. या वेळी कुठली बाजू आधी आत गेली त्याचा बाणही काढलाय.